आवाजाची वाटणी

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण 21 वर्षं राहिला. सगळे त्याला ‘तां’ म्हणत, कारण त्याच्या तोंडून दुसरं अक्षर क्वचितच निघे. काहीही विचारा, उत्तर ‘तां, तां’. फारच संतापला तर एखादी शिवी, एवढाच अपवाद. एप्रिल 1861मध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला आणि वाचा मेंदूत कुठे वसते या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर मिळालं. वैद्यकाच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. मला मात्र तिचा त्याआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. या माणसाने एका अक्षरावर 21 वर्षं निभावली. हातवारे होते, आणि त्या ‘तां’चे चढउतार होते. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळत होतं, आणि त्याचा राग, नकार, हट्ट समोरच्यापर्यंत पोचत होता.

याच्या नेमकी उलट गोष्ट नॉर्वेतली. 1941च्या बॉम्बहल्ल्यात एका तरुण नॉर्वेजियन स्त्रीच्या मेंदूला इजा झाली. ती वाचली, हळूहळू बोलायलाही लागली. शब्द तिचेच होते आणि व्याकरणही बऱ्यापैकी जागेवर आलं होतं, पण बोलण्याची चाल बदलली होती. नॉर्वेजियन भाषेत शब्दाच्या सुराला महत्त्व असतं, तोच सूर बिघडला. ऐकणाऱ्याला ती जर्मन वाटे. देश तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता, त्यामुळे दुकानदार तिला माल द्यायला नाखूष असत. मोनराड-क्रोन या मज्जाविकारतज्ज्ञाने 1947 साली तिची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मभर बोललेली मायबोली तोंडात असूनही केवळ स्वर ढळल्यामुळे ती आपल्याच गावात शत्रू ठरली होती.

पहिल्या माणसाचे शब्द गेले आणि आवाज उरला, दुसरीचे शब्द उरले आणि आवाज परका झाला. या दोन हकिगतींमध्ये जो प्रश्न आहे त्याचा हा आढावा. माणसाच्या आवाजात, शब्द वजा केल्यावर, किती अर्थ उरतो? हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर भरपूर काम झालं आहे. अडचण अशी, की वडिलार्जित वाडा भावांनी वाटून घ्यावा तसा आवाज विद्याशाखांनी वाटून घेतला. उच्चार भाषाशास्त्राकडे गेले, सूर संगीताकडे, संवादफेक नाटकवाल्यांकडे आणि घसा डॉक्टरांकडे. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी अशी वाटणी केली नव्हती, हे माझं म्हणणं आहे. आणि गेल्या पन्नासएक वर्षांतलं विज्ञान वळसा घालून पुन्हा त्यांच्याच अंगणात येऊन उभं राहिलं आहे.

आधी यंत्र पाहू. स्वरयंत्रात दोन स्नायुमय पट्ट्या असतात. पुरुषात त्यांची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीत त्याहून कमी. फुप्फुसातली हवा त्यांच्या फटीतून जाताना त्या थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या पुढे. तिथे जन्मतो तो निव्वळ गुंजारव. त्यावर घसा, तोंड, जीभ, नाक संस्कार करतात तेव्हा ‘आ’ किंवा ‘ई’ ऐकू येतो. उगम वेगळा आणि गाळणी वेगळी हे तत्त्व स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी 1960 साली गणितात बसवलं. जिवंत माणसाच्या स्वरपट्ट्या हलताना पाहण्याची रीत मात्र कुणा वैद्याने नव्हे, मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने रूढ केली. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने 1854 साली त्याने स्वतःच्या घशात डोकावून पाहिलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडलं. गाण्यातल्या अडचणींनी माणसाला शास्त्रज्ञ केलं. गार्सिया 101 वर्षं जगला.

वेदांच्या उच्चाराचे नियम लिहिणाऱ्या आपल्या प्रातिशाख्यकारांकडे आरसा नव्हता. तरी कंठ आवळला की नाद, उघडा ठेवला की श्वास, आणि ‘ह’ या दोहोंच्या मधला, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. घोष आणि अघोष वर्णांचा भेद घशात होतो हे युरोपातल्या ध्वनिअभ्यासकांना एकोणिसाव्या शतकात संस्कृत ग्रंथांची ओळख झाल्यावर नीट उमगलं. व्हिटनीसारख्या अमेरिकन पंडिताने प्रातिशाख्यांची संपादनं केली ती त्याच काळात. ‘पाणिनीय शिक्षे’तला क्रम तर आणखी मागे जातो. आत्मा बुद्धीसह अर्थ गोळा करतो, मनाला बोलायची इच्छा देतो, मन कायाग्नीला, अग्नी वाऱ्याला ढकलतो, आणि वारा छातीत फिरू लागला की मंद्र स्वर होतो. यातलं शरीरशास्त्र आज टिकणार नाही. पण बोलण्याची सुरुवात इच्छेपासून करायची आणि वर्णाआधी स्वराला जागा द्यायची, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

स्वर चुकला तर काय होतं याचं उदाहरण पतंजलीने ‘महाभाष्या’त दिलं आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द त्याने यज्ञात उच्चारला. आघात शेवटच्या अक्षरावर असता तर अर्थ ‘इंद्राला मारणारा’ असा झाला असता. तो पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. कथा पुराणातली असली तरी तिच्यातलं व्याकरण चोख आहे. अक्षरं तीच, समासाचा अर्थ मात्र स्वराने ठरवला. उदात्त, अनुदात्त, स्वरित ही सुरांची व्यवस्था पुढे बोलीभाषांतून लोपली, वेदपाठात उरली.

भरताने नाट्यशास्त्रात या साऱ्याला एक नाव दिलं, काकू. (नात्यातली काकू वेगळी, जरी तिच्याही ‘हो का?’मध्ये ही काकू पुरेपूर असते.) काकूचे त्याने दोन प्रकार सांगितले, साकांक्ष आणि निराकांक्ष. वाक्याचा अर्थ पुरा झाला नाही, अजून काही यायचं आहे असं आवाज सांगतो ती साकांक्ष, आणि अर्थ पुरा झाला असं सांगतो ती निराकांक्ष. फोनवर मराठी माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा याची परीक्षा पाहावी. ‘बरं’ लोंबकळत सोडलं की पलीकडचा बोलत राहतो, खाली आणून टेकवलं की फोन ठेवायची तयारी करतो. ‘बऽऽरं’ लांबवलं तर त्याला कळतं की आपल्यावर विश्वास बसलेला नाही. भरताने मग छाती, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थानं सांगितली आणि उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित असे पाठ्याचे सहा अलंकार सांगितले. दूरच्या माणसाला हाक मारताना कुठला, भांडताना कुठला, आजारी माणसाच्या तोंडी कुठला, हेही सांगितलं. षड्जादी सात स्वर रसांशी जोडले तेही याच प्रकरणात, गाण्याच्या नव्हे तर बोलण्याच्या संदर्भात. मुळात वाटणी झालीच नव्हती असं म्हणतो ते याच्या आधारावर.

वाटणीची कुरकुर सुरू झाली काव्यशास्त्रात. रुद्रटाने काकू-वक्रोक्ती हा शब्दालंकार मानला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्याला हरकत घेतली. काकू हा अभिप्राय असलेला पाठधर्म आहे, म्हणजे म्हणण्याच्या रीतीत असतो, तो अलंकार कसा होईल, असा त्याचा सवाल. दहाव्या शतकाच्या तोंडावरचा हा यायावर कुळातला पंडित आपल्या एका पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणून आपलाच समजू. त्याची हरकत मला पटते. कागदावरच्या ओळीत काकू नसते. ती वाचणाऱ्याने आणायची असते. एकदा का तिला कागदावरच्या अलंकारांच्या यादीत टाकलं की आवाजाची गरजच संपते, आणि पुढे नेमकं तेच झालं. आज शाळेत वक्रोक्ती शिकवली जाते ती प्रश्नपत्रिकेत ओळखण्यापुरती.

काकूला सर्वांत मोठं घर मिळालं ते देवगिरीत. यादव राजा सिंघण याच्या पदरी हिशेबाचं मोठं काम पाहणारा शार्ङ्गदेव, मूळ घराणं काश्मीरचं, याने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात काकू सहा झाल्या. एका स्वराची छाया दुसऱ्यावर पडते ती स्वरकाकू. रागाची स्वतःची ती रागकाकू, दुसऱ्या रागाची डोकावते ती अन्यरागकाकू. मुलखामुलखाची देशकाकू, वाद्यावाद्याची यंत्रकाकू. आणि क्षेत्रकाकू, जिथे क्षेत्र म्हणजे शरीर. एकच राग दोन गळ्यांतून वेगळा लागतो तो या काकूमुळे. याच यादवांच्या काळात, 1290 साली, ज्ञानेश्वरीत तेराव्या अध्यायात क्षेत्र म्हणजे देह हा विचार मराठीत विस्ताराने आला. दोघांचे विषय अगदी निराळे, पण शब्द एकाच हवेतला.

शार्ङ्गदेव इथे थांबत नाही. आवाजाच्या जाती सांगताना तो खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्र असे प्रकार करतो आणि त्यांना कफ, पित्त, वात यांच्याशी जोडतो. अभ्यासाशिवाय राग व्यक्त करण्याची जी शक्ती काही गळ्यांत शरीराबरोबरच जन्मते तिला तो ‘शारीर’ म्हणतो. गायकाचे 25 दोष सांगतो. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, कावळ्यासारखा आवाज असलेला, उंटासारखी मान काढणारा, नाकात गाणारा. डोळे मिटून गाणाराही त्याच्या मते दोषी. आजच्या मैफलींत हा निकष लावला तर निम्मे कलावंत बाद होतील. पण यादीमागचं धोरण लक्षात घ्या. आवाज देहाचा आहे, आणि देहाची प्रत्येक सवय आवाजातून अर्थ बनून बाहेर पडते, हे त्याने गृहीत धरलं आहे.

आता शब्द नसलेल्या गाण्याकडे. सामगायनात ऋचेच्या मधे ‘हाउ’, ‘होइ’ यांसारखी अक्षरं येतात, त्यांना स्तोभ म्हणतात. कोशात त्यांचा अर्थ नाही. फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने 1975 साली केरळातल्या पांजाळ इथे अग्निचयन यज्ञाचं चित्रण केलं आणि पुढे असा सिद्धान्त मांडला की कर्मकांडाला आणि मंत्राला भाषिक अर्थ नसतोच, मंत्र हे भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याला जवळचे आहेत. त्यावर बरीच खडाजंगी झाली. मला स्टाल अर्धाच पटतो. स्तोभ निरर्थक असतील, पण ते कुठे घालायचे याचे नियम कडक आहेत, आणि एखादा गाळला तर साम बिघडतं. कोशातला अर्थ नसणं आणि काम नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तराण्याबाबत हाच वाद उलट्या दिशेने झाला. ‘ना दिर दिर तोम’ या बोलांमध्ये फार्सी शब्द दडले आहेत, असं उस्ताद अमीर खाँ यांनी अभ्यासाअंती मांडलं. ध्रुपदिये आपल्या नोमतोमचा उगम ईश्वरनामात सांगतात. या खटपटीमागे एक अस्वस्थता दिसते. इतक्या सुंदर गोष्टीला अर्थ नाही हे आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण तिला मागाहून शब्दार्थ चिकटवतो. लोकगायकांना असली लाज नाही. पोवाड्यात शाहीर प्रसंगाच्या टोकाला येऊन थांबतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात. त्या ‘जी’ने शाहिराला दम मिळतो, कडवं बांधलं जातं आणि फडातल्या श्रोत्यांची संमती जाहीर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजाने मैदानं भारली त्या काळच्या आठवणींत लोक शब्द सांगतात तसाच आवाजही सांगतात. जगभर हेच दिसतं. लुई आर्मस्ट्राँगने 1926मध्ये ‘हीबी जीबीज’ ध्वनिमुद्रित करताना बेतुकी अक्षरं गायली आणि जॅझमध्ये त्या रीतीचा बोलबाला झाला. रशियन संगीतकार राखमानिनोव्हने एक अख्खं गीत निव्वळ स्वरवर्णावर गाण्यासाठी रचलं.

ख्यालातले शब्द कळत नाहीत ही श्रोत्यांची जुनी तक्रार आहे. तिचा काही भाग गायकांच्या आळसाचा आहे हे खरं, पण काही भाग निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. ‘ई’ किंवा ‘ऊ’ ओळखू येतो तो तोंडाच्या पोकळीच्या अनुनादामुळे, आणि त्यातला पहिला अनुनाद तीनशे-साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास असतो. काळी पाचचा मध्य षड्ज सुमारे 233 हर्ट्झ, तार षड्ज 466. म्हणजे गायिका तार षड्जावर पोचली की मूळ स्वरच त्या अनुनादाच्या वर निघून जातो आणि ‘ई’ला ओळख देणारी खूणच नाहीशी होते. गायिकेला तोंड उघडावं लागतं, स्वर ‘आ’कडे सरकतो. त्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याने आकाराची जी शिस्त धरली ती केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती, गळ्याच्या रचनेशी केलेली तडजोडही होती. पुरुष गायकांबाबत स्वीडनच्या योहान सुंडबेर्ग यांनी 1970च्या दशकात दाखवलं की तयार ऑपेरा गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास जादा ऊर्जा एकवटते, म्हणून तो ध्वनिवर्धकाशिवाय वाद्यवृंदावरून ऐकू येतो. ध्वनिवर्धक आल्यावर ही गरज सरली. कुजबुजीच्या जवळचा आवाजही सभागृहभर पोचू लागला, आणि भावगीताला जी जवळीक साधता आली तिच्यामागे हे यंत्र आहे.

क्षेत्रकाकूची दोन उदाहरणं आपल्या परिसरातली. अल्लादिया खाँ तरुणपणी एका संस्थानी दरबारात अतोनात गायले, आवाज बसला, आणि परतला तेव्हा तो पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला साजेल अशी गुंतागुंतीची, लयीच्या अंगाने जाणारी गायकी त्यांनी घडवली असं सांगतात. गंगूबाई हनगल यांच्या 1930च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐका, त्यांत मराठी गाणीही आहेत. आवाज बारीक, उंच. घशावरच्या उपचारांनंतर तो इतका खर्जाळ झाला की नवख्याला पुरुष गातो आहे असं वाटे. त्याच आवाजावर किराणा घराण्यातली त्यांची कीर्ती उभी राहिली. गळ्याला झालेली इजा शैली बनते, ही गोष्ट कागदावरच्या स्वरलिपीत कुठेही नोंदवता येत नाही.

सुरातली भावना बोलण्यातूनच आली का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या एका गटाने 2012 साली तमिळ बोलणं आणि कर्नाटक संगीत यांची तुलना इंग्रजी बोलणं आणि पाश्चात्त्य संगीताशी केली. दोन्हीकडे खिन्न बोलण्यात सुरांची अंतरं लहान होतात आणि खिन्न मानलेल्या संगीतातही तसंच होतं, असं त्यांना आढळलं. हे उत्तर पुरेसं नाही. कोमल स्वरांचे सगळे राग दुःखी नसतात, आणि भैरवीने मैफल संपते तेव्हा कोणी रडत घरी जात नाही. पण धागा खरा आहे.

भाषांच्या अंगाने पाहिलं तर मराठीचं घसायंत्र श्रीमंत आहे. घ, झ, ढ, ध, भ उच्चारताना आपल्या स्वरपट्ट्या थरथरतात आणि त्याच वेळी थोडी हवाही गळू देतात. जगातल्या फार थोड्या भाषांना हे जमतं. मराठी त्यापुढे जाऊन म्हैस, न्हाणी, कोल्हा, जिव्हाळा या शब्दांत म, न, ल, व यांनाही तसाच हवेशीर घोष देते. लिपीत ते जोडाक्षर दिसतं, घशात ती एकच क्रिया असते. पंजाबीने हाच घोष टाकला आणि त्याची भरपाई सुराने केली. ‘घोडा’ शब्दाचा तिथला उच्चार ‘कोडा’च्या जवळ जातो, पण खालच्या सुरात, आणि त्या सुरावरून अर्थ ओळखतात. वेगळ्या जातीचा बदल वऱ्हाडी आणि खानदेशातल्या लेवा बोलीत ऐकू येतो. ‘ळ’ तिथे स्वराकडे झुकतो, डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत हा उच्चार जपला गेला आहे. लंडनच्या बोलीतलं ‘मिल्क’ ‘मिउक’सारखं ऐकू येतं तेही याच जातीचं. तिथे आणि इथेही शिकलेल्यांनी या उच्चाराला गावंढळ ठरवलं. फ्रेंचमधले असेच बदल मात्र प्रमाणभाषा झाले. तेव्हा शुद्धतेचा हा निवाडा घशाचा नसून सत्तेचा आहे.

हळहळताना आपण दाताशी जीभ चोखून ‘च्च्’ करतो. तो ध्वनी आपल्या वर्णमालेत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत तोच ध्वनी नेहमीचं व्यंजन आहे. ध्वनी भाषेच्या आत की बाहेर हे ज्या त्या समाजाने ठरवायचं.

लिहिण्यात आवाज किती सांडतो याचा दाखला हिब्रूचा. मूळ लिपीत व्यंजनंच होती. तिबेरियाच्या पाठरक्षक पंडितांनी सातव्या ते दहाव्या शतकांत ठिपके आणि रेघा देऊन स्वर कायम केले. तोवर ईश्वराच्या चार अक्षरी नावाचा उच्चार टाळण्याची प्रथा पक्की झाली होती, त्यामुळे त्याचा मूळ उच्चार आज अनुमानानेच सांगावा लागतो. कोकणातले बेने इस्रायल ज्यू हिब्रू प्रार्थना जपत मराठीत बोलत राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली.

आवाजातल्या या अर्थाची सुरुवात कुठून होते? वुर्झबुर्गच्या कॅथलीन वेर्म्के आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 30 फ्रेंच आणि 30 जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. बाळं दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाई, जर्मन बाळांचं उतरत जाई, आईबापांच्या भाषांच्या चालीप्रमाणे. नमुना लहान आहे, पण गर्भात शब्द पोचत नसले तरी चाल पोचते हे इतर प्रयोगांशी जुळतं. नवजात बाळ परक्या बाईपेक्षा आईचा आवाज पसंत करतं हे 1980मध्येच दाखवलं गेलं होतं. अंगाई गाणाऱ्या आईला हे कुणी सांगायला नको होतं. मेघालयातल्या काँगथाँग गावी तर आई प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र धून रचते, आणि रानात हाक मारायची ती त्या धुनेने.

नामिबियातल्या हिंबा लोकांना आणि इंग्रजांना एकमेकांचे हुंदके, किंचाळ्या, हशा ऐकवण्याचा प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. भीती, राग, किळस, दुःख आणि हसणं दोघांना ओळखता आलं. सुखाच्या इतर आवाजांत मात्र घोटाळा झाला. संकट सगळ्यांना सारखं कळतं, समाधान ज्या त्या समाजात शिकावं लागतं, असा त्याचा अर्थ लावता येईल. मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये दहा भाषा तपासून सांगितलं की नीट ऐकू न आल्यावर माणूस जो ‘आं?’ काढतो तो सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे. त्या दहांत मराठी नव्हती, असती तरी निकाल बदलला नसता. या शोधाला 2015मध्ये इग् नोबेल हा थट्टेचा पुरस्कार मिळाला, पण तो शोध थट्टेचा नाही.

थट्टेला पात्र आहे ती दुसरीच गोष्ट. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत फळ्यावर हमखास लिहिलं जातं की संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतून हे आकडे आले. तिथे सुटे शब्द होते, आणि शब्द व सूर यांचा मेळ नसेल तर ऐकणारा आवडनिवड कशावरून ठरवतो एवढाच प्रश्न होता. सगळ्या बोलण्याला तो लागू नाही हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. 93 टक्के अर्थ शब्दांबाहेर असता तर आपल्याला तमिळ सिनेमा भाषांतराशिवाय समजला असता.

भाषेआधी गाणं होतं का, यावर डार्विनने 1871मध्ये होकारार्थी तर्क केला होता. स्टीव्हन मिथेन यांनी 2005च्या पुस्तकात तो निअँडरथल मानवापर्यंत नेला. स्टीव्हन पिंकर यांनी मात्र संगीत म्हणजे कानांचा चवीपुरता खाऊ असं म्हणून सगळी चर्चा उडवून लावली होती. केनियातल्या व्हर्वेट माकडांचे बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी वेगळे इशारे असतात हे 1980मध्ये सिद्ध झालं, पण ते बहुतांशी जन्मजात. नवा आवाज ऐकून शिकण्याची देणगी गाणारे पक्षी, देवमासे आणि माणूस यांच्यात आहे, माकडांत जवळपास नाही. मकाक माकडाचा घसा बोलायला पुरेसा आहे, नसतो तो त्याला चालवणारा मेंदू, असं 2016मध्ये टेकमसे फिच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. उगमाबद्दल खात्रीने याहून फार पुढे जाता येत नाही, आणि जे जातात त्यांचं मी सावधपणे वाचतो.

शब्दांपलीकडच्या आवाजाच्या या प्रश्नाला मराठीत काय मिळालं? ना. गो. कालेलकरांचा ‘ध्वनिविचार’, अशोक केळकरांचं वर्णविचारावरचं काम, ही पायाभरणी भक्कम आहे. वाटणी मोडण्याचा प्रयत्न एकाच माणसाने जन्मभर केला, तो म्हणजे अशोक दा. रानडे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाची उभारणी करणारे रानडे गायक, नट, निवेदक यांना एकत्र धरून आवाज-जोपासना शिकवत, आणि ‘भाषणरंग’मध्ये त्यांनी व्यासपीठापासून रंगपीठापर्यंतच्या बोलण्याचा विचार केला. रंगभूमीवर श्रीराम लागू होते, ते मुळात नाक-कान-घशाचे शल्यवैद्य. एवढी माणसं असूनही मराठीच्या चालीचा, म्हणजे कोल्हापूरकर वाक्य कुठे उचलतो, मालवणी बाई प्रश्न कुठे टेकवते, नागपूरकराचा नकार कुठून कळतो, याचा सविस्तर आणि मोजमापी अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही. आपण वाक्यं जपली, वाक्यांची चाल वाऱ्यावर सोडली.

साधन मात्र तयार आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी पुण्यात सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांतल्या काही ध्वनिमुद्रणासह आज ऐकता येतात. छापील संग्रहांत ‘गं बाई’ आणि लांबवलेली अक्षरं बहुधा गळतात, इथे ती कानावर पडतात. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावची ध्वनिमुद्रणं खुली केली आहेत. भाषेच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांनी ती एकत्र बसून ऐकावीत, सुरांचे आलेख काढावेत. त्यासाठी लागणाऱ्या संगणकप्रणाली फुकट मिळतात. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी फोनवर त्यांचं बोलणं टिपताना गोष्ट संपली म्हणून लगेच बटण दाबू नये. मधले हुंकार, खाकरणं, ‘अगो’, ‘आवं’, ‘च्च्’ सगळं राहू द्यावं, आणि गाव, तालुका, साल फाइलच्या नावातच लिहून ठेवावं.